पाचवीचा कागद, पंचायतीचा कागद

(दृश्य: पाटावर हळद-कुंकू, सुपारी, समई. शेजारी कोरा कागद आणि पेन. मागे पाळण्याची दोरी हलते आहे.)

आज बाळाची पाचवी. रात्री सटवाई येते आणि कपाळावर नशीब लिहून जाते, म्हणून आजीनं पाटाशी कोरा कागद ठेवलाय. ही रात्र घरात कुणी चुकवत नाही. पण बाळाचा आणखी एक कागद असतो, जन्माचा दाखला. तो ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत नाहीतर महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंद विभागात लिहिला जातो, आणि पुष्कळ घरांत त्याची आठवण होते ती थेट शाळाप्रवेशाच्या वेळी.

जन्माची खबर द्यायची मुदत आहे २१ दिवसांची. म्हणजे बारसं उरकल्यावर हातात उरतात नऊ दिवस.

(दृश्य: सरकारी दवाखान्याचा प्रसूती कक्ष. टेबलावर नोंदीचा अर्ज.)

जन्म आणि मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. मुदतीत खबर दिली तर नोंदीला पैसे पडत नाहीत आणि दाखल्याची एक प्रत फुकट मिळते. तिसाव्या दिवसापर्यंत विलंब शुल्क भरून काम होतं. पुढे वर्षभरात जायचं तर लेखी परवानगी लागते. आणि वर्ष उलटलं की प्रकरण जातं जिल्हाधिकारी, प्रांताधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे. पहिल्या आठवड्यातली दहा मिनिटं चुकली, तर पुढे किती दिवसांची मजुरी बुडते याचा हिशोब हातावर पोट असलेल्या माणसानंच करावा.

दवाखान्यात बाळंतपण झालं तर खबर द्यायची जबाबदारी दवाखान्याची. घरी झालं तर घरातल्या कर्त्या माणसाची. उघड्यावर टाकून दिलेलं बाळ सापडलं, तर गावचा प्रमुख किंवा पोलीस ठाण्याचा अधिकारी खबर देतो. ज्याचं कुणीच पुढे आलेलं नाही, त्या बाळाचीही नोंद झालीच पाहिजे, हे या कायद्यातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

(दृश्य: एसटी स्टँड. कडेवर तान्हं बाळ घेतलेली एक बाई, सोबत तिची आई.)

सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथं. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. लेक सातव्या-आठव्या महिन्यात आईकडे येते, तिथल्याच तालुक्याच्या दवाखान्यात बाळंत होते, तीन महिन्यांनी सासरी परतते. मग सासरचे लोक आपल्या ग्रामपंचायतीत दाखला मागायला जातात आणि हात हलवत परत येतात. कारण नोंद राहत्या गावी होत नाही, जन्म झाला त्या ठिकाणी होते. ऊसतोडीला गेलेल्या बाईचं बाळ फडावरच्या कोपीत जन्मलं, तर त्याची नोंद त्या कारखान्याच्या मुलखात, मूळ गावात नाही. टोळी चार महिन्यांनी गावी परतेल, तोवर मुदत कधीच सरलेली असेल. धावत्या गाडीत जन्म झाला तर? तेही नियमात लिहिलेलं आहे: गाडी पहिल्यांदा जिथं थांबेल तिथं, आणि खबर द्यायची ती गाडी ज्याच्या ताब्यात आहे त्यानं.

(दृश्य: अर्ज भरणारे हात.)

अर्ज भरायला बहुतेक वेळा बापाला किंवा मामाला पुढे करतात. रात्रभर जागलेला माणूस, खिशात मोबाइल, मोबाइलमध्ये आधार कार्डाचा फोटो. आईच्या आधारवर अजून माहेरचं नाव, केसपेपरवर सासरचं. कुठलं लिहायचं? ज्याला जे सुचेल ते लिहितो. हीच चूक पुढे दुरुस्तीच्या अर्जात, प्रतिज्ञापत्रात, फेऱ्यांत बदलते. म्हणून अर्ज आईच्या हातात द्या. खाटेवर द्या, पण द्या. तिचं नाव तिच्याइतकं बिनचूक दुसरं कुणी सांगणार नाही.

बाळाचं नाव ठरलं नसेल तर त्यासाठी नोंद अडवून ठेवायची गरज नाही. नावाचा रकाना मोकळा ठेवून नोंद होते. वर्षभरात नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. आत्यानं कानात नाव सांगितलं, घुगऱ्या वाटल्या, तरी दाखल्यावर ते नाव आपोआप उमटत नाही. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी हा दाखलाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा आहे. शाळा, पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार यादी, लग्नाची नोंद, सगळीकडे तोच.

(दृश्य: न्यायालयाची इमारत, बाहेरून.)

आता मूल कायद्यानं कुणाचं, हा प्रश्न. लग्न टिकून असताना, किंवा ते संपल्यापासून २८० दिवसांच्या आत मूल झालं आणि आईनं दुसरं लग्न केलेलं नसेल, तर ते त्या नवऱ्याचंच, असं कायदा धरतो. गर्भ राहण्याच्या काळात दोघांचा संबंध येणं शक्यच नव्हतं, हे सिद्ध झालं तरच वेगळं. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातली ही तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११६ मध्ये आहे. कुणी रागाच्या भरात ‘हे माझं नाही’ म्हणालं, तर तेवढ्यानं लेकरू उघड्यावर पडू नये, यासाठी ती आहे.

आणि लग्नच झालेलं नसेल तर?

एक अविवाहित, कमावती बाई मुलाला एकटीनं वाढवत होती. बचतीवर आणि विम्यावर मुलाला नॉमिनी लावायला गेली, तर बापाचं नाव आणा, नाहीतर पालकत्वाचं प्रमाणपत्र आणा, असं सांगितलं गेलं. तिनं नाव सांगायला नकार दिला. खालच्या कोर्टात हरली, दिल्ली उच्च न्यायालयातही. सर्वोच्च न्यायालयात निकालपत्रावर तिचं नाव नाही, फक्त ‘एबीसी’ अशी अक्षरं आहेत. सुनावणीत कळलं, की मुलाचा जन्मदाखलाही निघालेला नव्हता. ६ जुलै २०१५ ला न्यायालयानं सांगितलं: एकट्या किंवा अविवाहित आईनं पोटच्या मुलाचा दाखला मागितला, तर तिच्याकडून तेवढं प्रतिज्ञापत्र घ्या आणि दाखला द्या. २०२३ च्या दुरुस्तीनं अशा आईचा उल्लेख खबर देणाऱ्यांच्या यादीतच आला.

तरीही खिडकीपाशी ‘वडिलांचं नाव?’ हा प्रश्न मोठ्या आवाजात विचारला जातो, रांगेतल्या माना वळतात. ते ऐकून बाई परत फिरते, आणि २१ दिवस निघून जातात. या निकालाची तारीख प्रत्येक आशाताईला, प्रत्येक नर्सबाईला तोंडपाठ असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शाळेच्या कागदांवर क्रम ठरला आहे: मुलाचं नाव, आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव.

(दृश्य: नोंद विभागाची खिडकी. बाळ खांद्यावर झोपलेलं. आतून दाखला पुढे येतो.)

ही आई दाखला लगेच पिशवीत घालत नाही. खिडकीशेजारच्या बाकावर बसते, बोट ठेवून एकेक अक्षर वाचते. आईच्या नावाशी थांबते. दुसरी वेलांटी हवी होती, पहिली पडली आहे. ती उठते आणि पुन्हा रांगेत उभी राहते.