डांगडुट: लग्नाच्या मांडवातून मोबाइलवर

मंडळी, विषय इंडोनेशियातल्या ऑनलाइन व्हिडिओंचा असला तरी सुरुवात मी लग्नाच्या मांडवापासून करणार आहे. तो मांडव समजला नाही तर पुढचं काहीच नीट समजत नाही.

पूर्व जावातल्या एखाद्या गावात लग्न निघतं, किंवा मुलाची सुंता असते. याला तिथं ‘हाजातान’ म्हणतात. आपल्या भाषेत घरचं कार्य. यजमान ऐपतीप्रमाणे गाणाऱ्यांचा संच ठरवतो. पैसेवाला असेल तर पुरा ऑर्केस्ट्रा, नसेल तर एक कीबोर्डवाला आणि गायिका. अंगणात स्टेज उभं राहतं, स्पीकर एकावर एक चढतात. गाणं रंगात आलं की पाहुण्यांतला कोणीतरी उठून स्टेजवर जातो, गायिकेसमोर ताल धरतो आणि एकेक नोट तिच्या हातात देत राहतो. या प्रथेला ‘सावेर’ म्हणतात. फडावरची दौलतजादा ज्यांनी पाहिली आहे, त्यांच्या डोळ्यांसमोर चित्र आलंच असेल.

या स्टेजवर वाजतं ते डांगडुट. ढोलावरच्या दोन आघातांचं हे नाव: एक ‘डांग’, दुसरा खालून घुमत येणारा ‘डुट’. या संगीताचं मुंबईशी रक्ताचं नातं आहे. 1950 च्या दशकात हिंदी चित्रपट इंडोनेशियात जोरात चालत. तिथल्या मलय वाद्यवृंदांनी त्यातल्या चाली घेतल्या, त्यावर आपले शब्द बसवले, आणि बासरी आणि तबल्याचा ठेका उचलला. 1970 च्या दशकात रोमा इरामा या गायकानं त्यात इलेक्ट्रिक गिटार आणली आणि शहरातल्या गरीब वस्त्यांत त्याची गाणी घुमू लागली. शिकलेल्या लोकांनी या संगीताला नाकं मुरडली. ‘डांगडुट’ हे नावसुद्धा मुळात चिडवण्यासाठी पडलं होतं. रोमा इरामानं तेच नाव अभिमानानं मिरवलं.

आता टीव्हीकडे या. तिथलं सरकारी टीव्हीआरआय 1962 च्या ऑगस्टमध्ये, जाकार्तातल्या आशियाई खेळांच्या वेळी सुरू झालं. पहिलं खासगी चॅनेल आलं 1989 मध्ये. म्हणजे 27 वर्षं एकच चॅनेल, आणि पुढं चॅनेलं वाढली तरी सगळ्यांची सूत्रं राजधानीतच. गावच्या स्टेजवर गाणाऱ्या बाईला त्या दारातून आत कोण घेणार?

दार उघडलं व्हीसीडीनं, म्हणजे व्हिडिओच्या तबकडीनं. कार्याचं शूटिंग करायला व्हिडिओवाला असायचाच. त्याची कॅसेट तबकड्यांवर उतरायची, त्या तबकडीच्या नकला निघायच्या आणि फुटपाथवर मिळेल त्या भावात विकल्या जायच्या. बेटामागून बेटं ओलांडत त्या जायच्या. पूर्व जावातल्या पासुरुआन भागातली गायिका इनुल दारातिस्ता अशीच देशाला माहीत झाली. गिरमिट फिरावं तशी कंबर फिरवत ती नाचायची. त्या नाचाला ‘ङेबोर’, म्हणजे भोक पाडणं, असंच नाव पडलं. 2003 मध्ये टीव्हीनं तिला बोलावलं, कारण तोवर लोक तिला ओळखतच होते. त्याच वर्षी रोमा इरामानं तिच्याविरुद्ध जाहीर भूमिका घेतली, धर्मगुरू बोलले, आणि स्त्रीच्या शरीरावर कोणाचा हक्क यावर अख्खा देश भांडला. 2008 मध्ये अश्लीलताविरोधी कायदा झाला, त्याआधीच्या वादांत तिचं नाव सतत येत राहिलं. मला मात्र दुसरीच गोष्ट खटकते. या चोरट्या तबकड्यांच्या विक्रीतून गायिकांच्या हाती काही पडत नव्हतं. नाव व्हायचं, सुपाऱ्या वाढायच्या, आणि पोट भरायचं ते सुपारीवर आणि सावेरवर.

व्हायरल होणं म्हणजे काय, हे तबकडीनं या लोकांना आधीच शिकवलं होतं. म्हणून यूट्यूब आलं तेव्हा कोणी गांगरलं नाही. 2011 मध्ये सुलावेसी बेटावरच्या गोरोंतालोत नॉर्मन कामारू नावाच्या एका पोलिसानं गणवेशात बसून ‘छैय्या छैय्या’वर ओठ हलवले. महिनाभरात तो देशभर स्टार झाला. आधी वरिष्ठांनी त्याला दटावलं, मग लोकांचं प्रेम बघून त्याला टीव्हीवर जाऊ दिलं, आणि वर्ष संपायच्या आत त्याची नोकरी गेली. ओळीच्या ओळी त्याला पाठ होत्या, हे मला फार बोलकं वाटतं. तीन पिढ्या हिंदी गाणी ऐकलेल्या समाजातला तो मुलगा होता.

दिदी केम्पोत या गायकाबद्दल थोडं सविस्तर सांगतो. हा जावातल्या सोलो शहराचा. फुटपाथवर गाणाऱ्यांच्या टोळीच्या नावावरून त्याला ‘केम्पोत’ हे नाव पडलं. गायचा जावानीजमध्ये: स्टेशनवर सोडून गेलेली माणसं, न आलेली माणसं. दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममधल्या जावानीज लोकांतही तो आवडता होता. जाकार्ताच्या लेखी मात्र त्याचे दिवस सरले होते. 2019 मध्ये त्याच्या मैफलींचे व्हिडिओ पसरले आणि त्यांत लोकांना दिसली विशी-बाविशीची पोरं, डोळे पुसत, प्रत्येक शब्द सोबत गात. ती स्वतःला ‘सोबात आंब्यार’ म्हणवू लागली, म्हणजे मनाचा चक्काचूर झालेली दोस्त मंडळी. ज्यांना आईवडिलांची भाषा जुनाट वाटायची, तीच पोरं त्या भाषेत मोकळेपणी रडली. एप्रिल 2020 मध्ये त्यानं घरून गाऊन कोरोनाग्रस्तांसाठी निधी जमवला. 5 मे रोजी तो गेला.

हे सगळं अ‍ॅपवाल्या कंपन्यांनी घडवलं असं कोणी म्हणालं की मला पटत नाही. इंडोनेशियात ऑनलाइन कलाकारांना प्रेक्षकांनी पैसे पाठवावेत म्हणून एक सेवा निघाली आहे. तिचं नाव ‘सावेरिया’, म्हणजे मांडवातलं तेच सावेर.

जावातल्या योग्यकार्ताचे बाहुलीकार सेनो नुग्रोहो त्या 2020 सालीच काय करत होते बघा. चामड्याच्या बाहुल्यांचा रात्रभराचा वायांग ते आधीपासूनच ऑनलाइन थेट दाखवत. साथ आली, गर्दी बंद झाली, वादक घरी बसले. मग त्यांनी ‘क्लिमेन’ म्हणजे आटोपशीर खेळ सुरू केले: थोडे वादक, थोडे तास, समोर प्रेक्षकांऐवजी कॅमेरा. बघणारे आपापल्या घरून पैसे पाठवायचे, आणि ते गामेलान, म्हणजे खेळाच्या साथीची पारंपरिक वाद्यं, वाजवणाऱ्यांच्या घरी पोचायचे. नोव्हेंबरात सेनोही गेले. पण त्यांचा बागोंग, तो मोठ्या तोंडाचा, राजालाही फटकळपणे सुनावणारा सेवक, आजही मध्यरात्री कोणाच्या तरी मोबाइलवर बोलत असतो.