हरलेल्या बाजूने दिलेले हक्क

श्रोतेहो, नमस्कार.

१२ सप्टेंबर १७८७. फिलाडेल्फियातल्या ज्या सभागृहात अमेरिकेची राज्यघटना लिहिली जात होती, तिथे व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन उठले. मसुद्याच्या सुरुवातीला नागरिकांच्या हक्कांची सनद असती तर बरे झाले असते, ती काही तासांत तयार होईल, असे त्यांचे म्हणणे होते. कनेक्टिकटचे रॉजर शर्मन म्हणाले, राज्यांच्या सनदा आहेत, त्या पुरेशा आहेत. मतदान झाले. एकाही राज्याने मेसन यांच्या बाजूने मत दिले नाही!

मे महिन्यापासून ही मंडळी बंद दाराआड वाद घालत होती. जुन्या व्यवस्थेत केंद्राच्या काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकारच नव्हता, त्यामुळे नवी व्यवस्था हवी होती. मोठ्या राज्यांना लोकसंख्येनुसार जागा हव्या होत्या, छोट्यांना समान. तोडगा निघाला तो दोन सभागृहांचा. पण त्याच मसुद्यात जागा मोजताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे असा हिशेब घातला गेला आणि १८०८ पर्यंत गुलामांच्या आयातीवर बंदी घालायची नाही, असेही ठरले. हा डाग कुठल्याही कौतुकाने झाकता येत नाही. या व्यापारावर सभेत कडाडून टीका करणारे मेसन स्वतःही गुलाम बाळगून होते.

१७ सप्टेंबरला ३९ जणांनी सह्या केल्या. मेसन यांनी केली नाही. त्यांनी आपले आक्षेप लिहून काढले. पहिलाच आक्षेप : यात हक्कांची सनद नाही.

खरी लढाई इथून पुढची आहे. तेरापैकी नऊ राज्यांची संमती मिळाली तरच घटना लागू होणार होती. अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे या तिघा समर्थकांनी 'पब्लियस' या टोपणनावाने वर्तमानपत्रांत ८५ लेख लिहून तिची बाजू मांडली. विरोधकही गप्प नव्हते. व्हर्जिनियात पॅट्रिक हेन्री गरजले : 'आम्ही राज्ये' असे न म्हणता 'आम्ही लोक' म्हणण्याचा अधिकार यांना दिला कुणी?

मला सगळ्यात मोलाची वाटते ती मॅसॅच्युसेट्सची सभा. तिथे घटना पडणार अशीच चिन्हे होती. अध्यक्ष जॉन हॅन्कॉक यांनी मधला मार्ग काढला : आज संमती द्या आणि सोबत दुरुस्त्यांची शिफारस करा. ६ फेब्रुवारी १७८८ ला १८७ विरुद्ध १६८ मतांनी घटना तरली. दहा माणसे इकडची तिकडे झाली असती तर ती पडलीच असती. पुढे व्हर्जिनियाने हीच वाट धरली, ८९ विरुद्ध ७९. न्यूयॉर्कमध्ये फरक उरला अवघ्या तीन मतांचा.

निकाल समर्थकांच्या बाजूने लागला, पण विरोधकांची मागणी टाळता येईना. सनदेची गरज नाही म्हणणाऱ्या मॅडिसन यांनाच निवडणुकीत दुरुस्त्यांचा शब्द द्यावा लागला. ८ जून १७८९ ला त्यांनी या दुरुस्त्या काँग्रेसपुढे मांडल्या. भाषणाचे, धर्माचे, वृत्तपत्रांचे स्वातंत्र्य, पंचांसमोर खटला चालवून घेण्याचा हक्क, हे सारे त्यात आले. आपल्या घटना समितीत २५ नोव्हेंबर १९४९ ला बोलताना डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेच्या घटनेला चार महिने लागल्याचे सांगितले होते. हक्कांची सनद मिळायला मात्र त्यापुढे आणखी चार वर्षे गेली. १५ डिसेंबर १७९१ ला मेसन यांच्याच व्हर्जिनियाने संमती दिली आणि दहा दुरुस्त्या घटनेचा भाग झाल्या. तेव्हा मेसन हयात होते.