तुला कुणाकडे राहायचंय?

[दृश्य: जिना. पाठीवर बॅग घेतलेलं मूल. दारातल्या माणसाचा चेहरा दिसत नाही.]

आईबाबा वेगळे झालेत, मूल कुणाकडे राहणार यावर कोर्टात दावा चालू आहे. बाबांकडचा दिवस संपला. आईकडे निघायची वेळ झाली आणि मूल रडायला लागलं. बाबांना वाटतं, याला तिकडे जायचंच नाही. घरी पोचल्यावर ते बराच वेळ गप्प बसतं, जेवत नाही. आईला वाटतं, तिकडे नक्की काहीतरी घडलंय. दुसऱ्या दिवशी दोघंही आपापल्या वकिलांना फोन करतात. रडणं एकच, पण दोन्ही बाजूंच्या कागदपत्रांत ते पुरावा म्हणून जातं.

कधी त्या रडण्यामागे खरोखर भीती असते, मारहाण असते. म्हणून ते तपासलंच पाहिजे. पण पुष्कळदा मुलाला एवढंच झेपत नसतं : एका माणसाचा निरोप घ्यायचा आणि लगेच दुसऱ्याच्या घरात रुळायचं.

ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी विसाव्या शतकात दाखवून दिलं, की सांभाळणाऱ्या माणसाची ओढ हा मुलाच्या सुरक्षिततेचा पाया असतो. अशी ओढ एकाहून जास्त माणसांची असू शकते. ताब्याचा दावा मात्र असा लढला जातो, जणू एकावरचं प्रेम वाढलं की दुसऱ्यावरचं कमी होणारच.

[दृश्य: मोबाइलवर बोलणारं मूल. बाजूला कान देऊन बसलेलं मोठं माणूस.]

"तिकडे कोण आलं होतं?" "माझ्याबद्दल काही बोलले का?" विचारणाऱ्याला हे साधे प्रश्न वाटतात. मूल मात्र उत्तर देण्याआधी समोरचा चेहरा वाचतं. तिकडे मजा आली, हे सांगायचं नाही, हे ते कुणी न शिकवता शिकतं. दोन्ही घरांत जे ऐकायला आवडेल तेच बोलतं. लोक म्हणतात, किती समजूतदार आहे. मला या समजूतदारपणाची फार काळजी वाटते. लहान मुलं पुन्हा अंथरूण ओलं करू लागली, की निदान कुणाच्या तरी लक्षात येतं. असं शहाणं झालेलं मूल कुणालाच दिसत नाही.

आईवडील दुष्ट असतात म्हणून हे होतं, असं नाही. लग्न मोडल्यावर माणूस अपमानानं पोळलेला असतो, मूलही जाईल या धास्तीनं झोप उडालेली असते. मग मुलाचा ताबा मिळणं म्हणजे 'चूक माझी नव्हती' यावर शिक्कामोर्तब, असं वाटू लागतं.

एखादं मूल एका पालकाला भेटायलाच नकार देतं. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ रिचर्ड गार्डनर यांनी 1985 मध्ये अशा मुलांसाठी एक 'सिंड्रोम' मांडला : दुसऱ्या पालकानं मन कलुषित केलंय. कान भरणारे पालक असतात, हे खरं. पण या निदानावर आजही वाद आहे, कारण छळाला घाबरून दिलेला नकारही त्यात दडपला जाऊ शकतो. अशा वेळी घाईनं चिकटवलेलं लेबल मुलाला महागात पडतं.

[दृश्य: दोन खुर्च्या, कागद, रंगीत खडू.]

इंग्लंडमध्ये 1839 पर्यंत मुलांवर कायद्यानं वडिलांचाच हक्क असे. त्या वर्षीच्या कायद्यानं आईला सात वर्षांखालच्या मुलांचा ताबा मागता येऊ लागला. मुलालाही काही म्हणायचं असतं, हे मान्य व्हायला फार वेळ लागला. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातलं बारावं कलम सांगतं, की मुलाला आपलं मत मांडता आलं पाहिजे आणि वय व समज पाहून त्या मताला वजन दिलं पाहिजे.

मत मांडू देणं वेगळं आणि निवड करायला लावणं वेगळं. "तुला कुणाकडे राहायचंय?" हा प्रश्न मुलाच्या हातून एकाचा पराभव घडवतो. जाणते समुपदेशक तो असा थेट टाकत नाहीत. ते विचारतात : रात्री घाबरलास तर कुणाला उठवतोस? शाळेतून आल्यावर काय करतोस? काय बदललं तर बरं वाटेल? निर्णय मोठी माणसं घेणार आहेत, हे ते आधीच सांगतात. आणि इथे सांगितलेलं पुढे कुणाला कळेल, हेही खरं खरं सांगतात. कारण मुलाचं वाक्य त्याच संध्याकाळी घरातल्या भांडणात वापरलं गेलं, तर पुढच्या भेटीत ते प्रत्येक प्रश्नाला "माहीत नाही" एवढंच म्हणतं.