चंद्रा पालटते तेव्हा

‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळातलं हे पान मागच्या रांगेपर्यंत फिरू द्या. एका बाजूला ‘चंद्रा, फायर ऑफ कलादेश’, तीन मॅनांची आणि दोन-दोन ताकदीची मुलगी. मॅना म्हणजे पान टाकायची किंमत, ती मुख्यतः जमिनींच्या पानांतून येते. उलटवलंत की तीच ‘चंद्रा, रोअरिंग फ्लेम’ होते, चार लॉयल्टीची प्लेन्सवॉकर, म्हणजे लॉयल्टी वाढवून किंवा खर्चून दर टर्नला एक करामत करणारं पान. या पानाला मॅजिकची नेहमीची तपकिरी पाठ नाही. म्हणून ते गठ्ठ्यात मिसळायचं असेल तर डेकला अपारदर्शक स्लीव्ह घालतात, नाहीतर गठ्ठ्यात चंद्रा कुठे आहे ते सगळ्यांनाच दिसेल.

२०१५ च्या ‘मॅजिक ओरिजिन्स’ संचात अशी पाच पानं आली: गिडियन, जेस, लिलियाना, चंद्रा आणि निस्सा. पाचही जण तरुण, आणि पान पालटतं तो क्षण म्हणजे त्यांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली तो क्षण. चंद्राचं नाव आपल्या ओळखीचं आहे. तिच्या वडिलांचं नाव किरण. पुढच्या वर्षी तिच्या जन्मभूमीवर ‘कलादेश’ हा अख्खा संच निघाला. त्याच्या रंगरूपात भारतातून घेतलेलं बरंच काही आहे, आणि त्यात सहेली आणि रश्मीही भेटतात. मला या पानाचा लळा लागला तो इथून. डेक बांधायला बसल्यावर मात्र लळा बाजूला ठेवावा लागतो.

आपण ‘कमांडर’ हा प्रकार खेळतोय: एक नायक-पान, म्हणजे कमांडर, गठ्ठ्याबाहेर ‘कमांड झोन’मध्ये असतं आणि तिथूनच टाकता येतं. शंभर पानं, साध्या (बेसिक) जमिनी सोडल्या तर एकही पान दोनदा नाही, चाळीस लाईफ आणि बहुतेकदा टेबलाशी चौघं. चंद्रा कमांडर म्हणजे डेक फक्त लाल. नव्या खेळाडूची नजर थेट मागच्या बाजूला जाते, तिथल्या उणे सातवर. प्रत्येक विरोधकाला सहा डॅमेज, शिवाय असं एम्ब्लेम, म्हणजे डाव संपेपर्यंत टिकणारी खूण, की त्याच्या प्रत्येक अपकीपला, म्हणजे टर्नच्या सुरुवातीला, तीन. वाचताना अंगावर काटा येतो. आता हिशेब करा. पालटल्यावर चार, लगेच अधिक एक केलं की पाच, पुढच्या टर्नला सहा, मग सात, आणि चौथ्या टर्नला उणे सात. तोवर तीन जणांनी तिला हात लावायचा नाही. एवढं करूनही चाळीसातले सहा गेले की चौतीस उरतात, आणि तीन-तीननं ते संपायला बारा अपकीप लागतात. एम्ब्लेमला रंग नसतो, त्यामुळे लाल डॅमेज वाढवणारी पानंही तिथे कामाला येत नाहीत. उणे सात मिळालं तर घ्यावं, पण डेक त्याच्यासाठी बांधू नये.

डेक बांधायचा तो पालटण्याच्या किमतीभोवती. चंद्रा टॅप केली, म्हणजे पान आडवं केलं, की एखाद्या खेळाडूला किंवा प्लेन्सवॉकरला एक डॅमेज. तुम्ही लाल स्पेल, म्हणजे जमीन सोडून कुठलंही लाल पान, टाकलात की ती अनटॅप होते, पुन्हा उभी राहते. एकाच टर्नमध्ये तिच्या हातून तीन डॅमेज झालं आणि तिसरं या टॅपनं पडलं की ती पालटते. म्हणजे एक टॅप, मग दोन लाल स्पेल आणि दोन टॅप. स्पेल ‘टाकलं’ की अनटॅप होतं, ते लागू पडायची वाट पाहावी लागत नाही. समोरच्यानं काउंटर केलं, म्हणजे ते रद्द केलं, तरी अनटॅप आपलंच.

माझ्या पहिल्या डेकमध्ये मी सोल रिंगसारखी रंगहीन पानं भरपूर घातली होती, कारण ती प्रत्येक डेकमध्ये असतात. तीन डाव चंद्रा एकदा टॅप होऊन तशीच पडून राहिली. हात भरलेला, मॅना भरलेला, आणि लाल पान एकच. तेव्हापासून मी मोजून बांधतो: ३७ जमिनी आणि दोन किंवा कमी मॅनांची साधारण ३० लाल पानं. चौथ्या टर्नपर्यंत अकरा पानं पाहायला मिळतात. त्यांत सरासरी चार जमिनी आणि तीनहून थोडी जास्त स्वस्त लाल पानं येतात. पालटायला दोन लागतात, आणि एखादं वाया जाणार हे धरून चाला.

आता एक चौथा टर्न सावकाश पाहू. चंद्रा तिसऱ्या टर्नला उतरली आहे, समोर चार जमिनी, हातात ‘पायरेटिक रिच्युअल’ आणि ‘पिया अँड किरण नलार’. चंद्रा टॅप, एक. दोन मॅनांत रिच्युअल टाकलं, ती अनटॅप झाली, पुन्हा टॅप, दोन. रिच्युअल लागू पडून तीन लाल मॅना आले, आधीचे दोन शिल्लक, एकूण पाच. त्यातल्या चार मॅनांत तिचे आईवडील टाकले. ते अजून स्टॅकवरच, म्हणजे लागू पडायच्या रांगेत, आहेत, तेवढ्यात चंद्रा अनटॅप, टॅप, तीन, आणि ती पालटली. मग आईवडील टेबलावर उतरले, सोबत दोन उडते थॉप्टर. तुमचा मुख्य टप्पा चालूच आहे, म्हणून लगेच अधिक एक, कुणाला तरी दोन डॅमेज, लॉयल्टी पाच. मुलगी पालटली त्याच क्षणी तिच्या पुढ्यात अडवायला तिघं उभे. हा हात मला पहिल्यांदा आला तेव्हा मी खुर्चीवरून उठलो होतो.

हातात एकच लाल पान असेल तर हल्ल्याचा विचार करा. चार जणांच्या टेबलावर बहुधा कुणाचं तरी मैदान रिकामं असतं. चंद्रानं दोन मारले, मग ते एक स्पेल, अनटॅप, टॅप, तीन. लढाईतलं डॅमेजही मोजलं जातं, हे अनुभवी खेळाडूही विसरतात. लाल पानांचं डॅमेज दोननं वाढवणारा ‘टॉरब्रान’ मैदानात असला तर एका टॅपचेच तीन होतात, आणि स्पेलची गरजच उरत नाही.

पालटल्यावर मात्र ती क्रीचर, म्हणजे लढणारं पान, राहत नाही. कमांडरनं लढाईत एकवीस डॅमेज देऊन कुणाला बाद करणं विसरा, अंगावर चढवलेली ‘लाइटनिंग ग्रीव्ह्ज’सारखी साधनंसुद्धा गळून पडतात. आणि त्या तीस स्वस्त पानांचं आता काय करायचं? म्हणून उरलेल्या पानांत मी ‘यंग पायरोमॅन्सर’ आणि ‘गटरस्नाइप’ घालतो. इन्स्टंट किंवा सॉर्सरी, म्हणजे एकदा वापरून संपणारं स्पेल, टाकली की पहिला एक-एकचा एलिमेंटल देतो, तो चंद्रापुढे उभा राहतो. दुसरा प्रत्येक विरोधकाला दोन डॅमेज देतो, टॉरब्रान सोबत असेल तर चार. खरा डाव मी गटरस्नाइपवर जिंकतो. चंद्रा सगळ्यांचं लक्ष स्वतःकडे ओढून घेते, आणि ते मला हवंच असतं.

ती मरेलच. तेव्हा कमांड झोनमध्ये जाईल आणि पुन्हा पुढच्या बाजूनंच उतरेल, दोन मॅना जास्त घेऊन. पाच मॅनांची चंद्रा मी सहसा लगेच टाकत नाही. आठ जमिनी होईपर्यंत थांबतो: पाच तिच्यासाठी, एक ‘एक्स्पिडाइट’साठी म्हणजे तिला हेस्ट (उतरल्या टर्नलाच टॅप करता येण्याची मुभा) मिळते आणि एक पानही हातात येतं, आणि दोन एकेका मॅनाच्या लाल पानांसाठी. उतरली त्याच टर्नला ती पालटते.