काचेवर पाणी का येत नाही?

श्रोतेहो, नमस्कार.

पाऊस नुकताच थांबलेला असतो. रस्ता ओला, पुढे एखादा ट्रक आणि त्याच्या चाकांतून उडणारा गढूळ पाण्याचा फवारा थेट तुमच्या काचेवर. तुम्ही स्टिअरिंगजवळची वायपरची दांडी ओढता, वायपर फिरतो, पण पाण्याचा थेंबही येत नाही. कोरडा वायपर तो चिखल काचभर सारवून ठेवतो आणि समोरचं दिसेनासं होतं. त्यात उन्हं समोरून असली, तर संपूर्ण काच पांढरी होते. वेगातल्या गाडीत असे दोन-तीन सेकंदसुद्धा फार असतात. म्हणून हा बिघाड मला किरकोळ वाटत नाही. ब्रेक आणि दिव्यांइतकीच त्याची काळजी घ्यायला हवी.

अशा वेळी बहुतेक जण म्हणतात, "मोटर गेली," म्हणजे टाकीतलं पाणी काचेकडे ढकलणारी छोटी मोटर. आणि नवी मोटर बसवून मोकळे होतात. पुष्कळदा मोटर ठणठणीत असते, आणि नवी बसवूनही पाणी येत नाही ते नाहीच. तेव्हा आज माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. काहीही उघडण्याआधी, काहीही विकत घेण्याआधी कान द्या.

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक लावा. इंजिन बंद ठेवून फक्त चावी ऑनवर घ्या. एसीचा पंखा आणि रेडिओ बंद करा. हो, मीच रेडिओवरून सांगतोय, तरी तेवढा वेळ बंदच करा. आता दांडी ओढा. वायपर हलायला लागण्याआधी बॉनेटच्या बाजूने किंवा पुढच्या चाकाच्या आतून बारीक घरघर ऐकू येते का? वायपरच्या आवाजात ती हरवते, म्हणून घरातल्या कुणाला तरी पुढच्या चाकापाशी उभं करा. पाण्याची टाकी बहुधा तिथेच, मडगार्डच्या आत दडलेली असते आणि मोटर तिच्या बुडाशी, रबरी बुचात खोचलेली असते. हात मात्र वायपरपासून लांब ठेवा.

घरघर येते, पण पाणी येत नाही? मग मोटर फिरते आहे, वीज पोचते आहे. फ्यूज, स्विच, वायरिंग या सगळ्यांना हात लावायची गरज उरली नाही. दोष पाण्याच्या वाटेत आहे.

पहिली गोष्ट, टाकीत पाणी आहे का? हसू नका, सर्वांत जास्त वेळा हेच निघतं. टाकी आत दडलेली असल्याने वरून नुसतं झाकण दिसतं, पातळी दिसत नाही. पाणी भरा आणि पुन्हा ओढून बघा. नळीत हवा शिरलेली असते, त्यामुळे पाणी वर चढायला काही क्षण लागतात. पण सलग 10 सेकंदांपेक्षा जास्त ओढून धरू नका. मोटरीला पाण्याचाच थंडावा असतो, कोरडी फिरवली तर ती खरोखरच जळेल. भरलेलं पाणी लगेच चाकाखाली सांडताना दिसलं, तर टाकी तडकली आहे किंवा रबरी बूच सैल झालं आहे.

आता बॉनेट उघडा. बॉनेटच्या आतल्या बाजूला पेन्सिलपेक्षा बारीक काळी रबरी नळी दिसेल, ती नोझलपर्यंत, म्हणजे काचेवर पाणी फवारणाऱ्या तोंडापर्यंत जाते. काही गाड्यांत नोझल वायपरच्या दांड्यावरच असतं, पण तपासायची रीत तीच. नोझलच्या बुडाशी ही नळी हलकेच ओढून काढा. प्लास्टिक जुनं असेल तर ठिसूळ झालेलं असतं, तेव्हा हिसका नको. नळीचं तोंड बाहेर धरून कुणाला तरी दांडी ओढायला सांगा. नळीतून पाण्याची जोरदार धार आली की निकाल लागला: नोझल तुंबलं आहे.

नोझलचं भोक अगदी बारीक असतं. जड पाणी सतत वापरलं की त्यात क्षार साचतो, आणि वरून गाडीला लावलेलं पॉलिश त्यात जाऊन बसतं. भिंगातून पाहिलंत तर भोकाच्या कडेला पांढुरका, खडूसारखा थर दिसेल. बारीक टाचणी घ्या, हलक्या हाताने आत घालून फिरवा. जाड सुई रेटून घालू नका, भोक रुंद झालं की फवाऱ्याचा जोर जातो. नळी काढलेलीच आहे, तर बाहेरून आत अशी उलट दिशेने हवा मारा, म्हणजे कचरा आला त्याच वाटेने बाहेर पडेल. क्षार जिद्दी असेल तर नोझल काढून काही वेळ व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा.

नळीतूनच पाणी आलं नाही, तर मागे मागे जा. बॉनेटच्या बिजागरीपाशी नळी रोज दुमडते, तिथे ती चिरते किंवा चिमटते. दोन फाटे फुटतात तिथला प्लास्टिकचा सांधा निसटलेला असू शकतो. पाणी मागे परतू नये म्हणून काही गाड्यांत नळीवर छोटा एकमार्गी व्हॉल्व्ह असतो, तो अडकतो. आणि उंदीर! गाडी बरेच दिवस उभी राहिली की उंदीर नळी कुरतडतात. कुरतडलेली जागा सापडली की तेवढा तुकडा कापून जोडता येतो.

नळी धडधाकट असूनही पाणी नाही, तर मोटर टाकीत बसते तिथली जाळी बघा. खाली बादली ठेवा, मोटर बुचातून ओढून काढा, टाकी रिकामी होईल. साधं पाणी महिनोन्‌महिने साठलं की टाकीत शेवाळं धरतं, आणि जाळीवर बुळबुळीत हिरवट-तपकिरी साय चढते. जाळी जुन्या टूथब्रशने घासा, टाकी दोन-तीनदा खंगाळा. बूच ओलं करून मोटर परत दाबली की सहज बसते.

आता दुसरी शक्यता. दांडी ओढली आणि काहीच आवाज नाही. मग पाण्याकडे बघू नका, विजेकडे बघा. आधी फ्यूज. कोणता ते फ्यूजबॉक्सच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. उडालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला. मोठा फ्यूज कधीच घालू नका, मग फ्यूजऐवजी वायर तापते. नवा फ्यूजही लगेच उडाला तर मोटर जाम आहे किंवा वायर कुठेतरी बॉडीला टेकते आहे.

फ्यूज शाबूत असेल तर मोटरीचा कनेक्टर, म्हणजे तिच्या वायरींची जोडणी, काढून तिथे टेस्ट लॅम्प, म्हणजे वीज येते का ते दाखवणारा छोटा दिवा लावा आणि दांडी ओढायला सांगा. दिवा लागला, म्हणजे 12 व्होल्ट तिथवर पोचतात आणि मोटर गेली, आता मात्र ती बदला. दिवा लागला नाही तर दोष दांडीच्या स्विचमध्ये किंवा वायरमध्ये आहे, ते काम मेकॅनिककडे द्यावं. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज दिसला तर आधी तो साफ करा, कधी तेवढ्यानेच भागतं. बरेच दिवस न वापरलेली मोटर नुसती चिकटलेली असू शकते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तिला हलकेच ठोका, सुटली तर सुटली.

मागच्या काचेलाही वायपर असलेल्या कितीतरी गाड्यांत मोटर एकच असते. ती एका दिशेने फिरली की पाणी पुढे जातं, उलटी फिरली की मागे. मागे पाणी येतं आणि पुढे येत नाही, असं असेल तर मोटर जिवंत आहे हे तिथेच कळतं.

पाण्याविषयी थोडं. कपड्यांचा साबण किंवा भांड्यांचं लिक्विड टाकीत ओतू नका. फेस होतो, वाळला की त्याची साय धरते आणि रात्री समोरच्या दिव्यांत काच चमचमते. काच धुण्यासाठी मिळणारं वॉशरचं तयार द्रव वापरावं, नाहीतर क्षार नसलेलं पाणी. रेडिएटरचा कूलंट इथे कदापि नको, काचेवर तो तेलकट थर धरतो. आणि वॉशरचं द्रव कूलंटच्या टाकीत गेलं, तर त्याहून वाईट. झाकणावर काच आणि कारंज्याचं चित्र असतं, ते बघूनच ओता. जिथे पारा शून्याखाली जातो तिथे साधं पाणी टाकीत गोठून टाकी आणि मोटर दोन्ही फोडू शकतं, तिथे न गोठणारं द्रव लागतं. त्यातल्या काहींत मिथेनॉल असतं आणि ते विषारी आहे, म्हणून डबा मुलांच्या हाती लागू देऊ नका.

फवारा सुरू झाला की तो कुठे पडतो तेही बघा. पाणी छतावरून उडून जात असेल किंवा काचेच्या तळाशीच सांडत असेल, तर नोझलचा बारीक गोळा टाचणीने किंचित फिरवा. गाडी धावताना वारा धार खाली दाबतो, म्हणून उभ्या गाडीत ती काचेच्या मध्यापेक्षा थोडी वर पडलेली चांगली. नमस्कार.