चार मांजरं आणि एक प्रश्न

जुलैचा पाऊस. मालवण तालुक्यातल्या एका वाडीवरची द्विशिक्षकी शाळा. गोष्टीची पुस्तकं दोरीला चिमट्यांनी लटकवलीत. या दिवसांत बंद कपाटात ठेवली, तर पानांना बुरशी धरते.

"वाचायला आवडतं ना रे?" बाई विचारतात. अख्खा वर्ग एका सुरात "होऽऽ" म्हणतो. या "हो"वर विसंबू नये. बाईंना बरं वाटावं, एवढाच त्याचा अर्थ.

मुलांच्या मनातलं काढायची एक रीत आहे. १९९० मध्ये अमेरिकेत मॅकेना आणि किअर या दोघांनी प्राथमिकच्या मुलांसाठी २० प्रश्न तयार केले. प्रत्येक प्रश्नाखाली गारफील्ड या चित्रकथेतल्या बोक्याचे चार चेहरे, एकदम खूश ते पार वैतागलेला. मुलानं एकाला गोल करायचा. खूश बोक्याला ४ गुण, वैतागलेल्याला १. चेहरे मुद्दाम चारच. पाच असते, तर मधल्याला गोल करून मुलं मोकळी झाली असती.

पहिले १० प्रश्न हौसेच्या वाचनाचे, पुढचे १० शाळेतल्या वाचनाचे. या दोन बेरजा वेगळ्याच बघाव्यात. घरी पडवीत बसून गोष्टींचा फडशा पाडणारी, पण वर्गात उभं राहून वाचायचं म्हटलं की पोटात गोळा येणारी मुलगी एकत्र बेरजेत नुसती "बरी" दिसते.

इथे गारफील्ड कोणाला ठाऊक? फळ्यावर खडूनं चार मांजरं काढली, तरी भागतं. प्रश्न मात्र मोठ्यानं, दोनदा वाचायचा. नाहीतर वाचता न येणारा शेजाऱ्याचं बघून गोल करतो. आणि विचारायचा मालवणीत: "सुट्टीत पुस्तक वाचूक तुका कसा वाटता?" कागदावर नाव नको. अक्षरही नको, बारा पोरांच्या शाळेत बाई ते लगेच ओळखतात.

निपुण भारत या केंद्र सरकारच्या वाचन-गणिताच्या अभियानात तिसरीसाठी मिनिटाला किमान ६० शब्द वाचायचं लक्ष्य आहे. ते शिक्षकांच्या वहीत राहिलेलं बरं. भर वर्गात घड्याळ लावलं, की सावकाश वाचणारा तोंडच उघडत नाही.

आता खिडकीपाशी बसलेला हा दुसरीतला मुलगा बघा. पुस्तकात "कुठे" छापलंय, तो मालवणीत "खंय" वाचतो. अर्थ कळल्याशिवाय असं वाचताच येत नाही. पण बाई टोकतात. तो "कुठे" म्हणतो, पुढच्या शब्दावर बोट ठेवतो, आणि वाचायच्या आधी बाईंच्या तोंडाकडे बघतो.