चार दिवस उशिरा

नमस्कार श्रोतेहो, आणि मंडळीतल्या सगळ्यांना जय ख्रिस्त. कसे आहात हे विचारणार होते, पण आज हा कार्यक्रम ऐकणाऱ्यांत कुणीतरी आयसीयूच्या बाहेरच्या बाकड्यावर बसून कानात इअरफोन घालून ऐकत असेल, कुणाच्या घरात नुकतीच एक खाट रिकामी झाली असेल, त्यांना कसे आहात काय विचारायचं. आज त्यांच्याशीच बोलायचंय.

मागच्या पावसाळ्यात माझी आई गेली. सव्वीस दिवस दवाखान्यात होती. आम्ही उपास-प्रार्थना केल्या, पाळक येऊन डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करून गेले, रोज रात्री कॉरिडॉरमध्ये उभं राहून मी तेविसावं स्तोत्र म्हणायचे, आणि सत्ताविसाव्या दिवशी सकाळी आम्ही तिला कबरस्तानात पोचवून आलो. दफनविधीनंतर लोक घरी येत होते. सगळे मायेनं आले होते, ते मला माहितीय. पण कुणी म्हणे देवाची इच्छा, कुणी म्हणे ती सुटली हो, आणि एकजण म्हणाले, विश्वासणाऱ्यांनी असं रडायचं नसतं, अविश्वास दिसतो त्यातून. हे वाक्य माझ्या आत जाऊन रुतलं. कितीतरी दिवस मी बाथरूमचा नळ सोडून रडायचे, घरात कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

आणि मग एकदा रात्री झोप लागेना म्हणून योहानाचं शुभवर्तमान उघडलं, अकरावा अध्याय. लाजराची गोष्ट आपल्याला लहानपणापासून पाठ आहे, संडे स्कूलमध्ये चित्रं रंगवलीत त्याची, पण त्या रात्री मी ती पहिल्यांदा एखाद्या मेलेल्या माणसाच्या घरातून वाचली.

बघा ना, बेथानी म्हणजे यरुशलेमपासून साधारण तीन किलोमीटरवरचं गाव. लाजराच्या दोघी बहिणी, मार्था आणि मरीया, येशूला निरोप पाठवतात, ज्याच्यावर तुमची माया आहे तो आजारी आहे. आणि येशू काय करतो, तर आहे तिथेच अजून दोन दिवस राहतो! पोचतो तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेले. मार्था वाटेतच गाठते आणि म्हणते, प्रभू, तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळानं मरीया येते, पायाशी पडते आणि तेच वाक्य म्हणते. मला वाटतं त्या चार दिवसांत दोघी बहिणींनी घरात हेच वाक्य एकमेकींना शंभरदा म्हटलं असणार, कारण आमच्याही घरात तसंच एक वाक्य होतं, दोन दिवस आधी नेलं असतं तर. तुमच्याही घरात असेल.

आता गंमत नाही, पण लक्ष देऊन ऐका. वाक्य एकच, पण दोघींना उत्तर वेगळं मिळतं. मार्थाला तो शब्द देतो, पुनरुत्थान आणि जीवन मीच आहे, म्हणतो. मरीयेला तो काहीच समजावत नाही. ती रडतेय, बरोबर आलेले लोक रडताहेत, ते बघून तो व्याकूळ होतो, कबर कुठंय विचारतो, आणि मग ते छोटंसं वचन येतं, येशू रडला. पाच-दहा मिनिटांत लाजर जिवंत होऊन बाहेर येणार हे ज्याला ठाऊक आहे, तो रडतो. शेवट माहीत असून रडतो! मग माझ्या रडण्यात अविश्वास कुठून आला सांगा.

मी त्या रात्री नळ न सोडता रडले.

मार्था किती खरी आहे बघा, कबरेवरचा धोंडा काढा म्हटल्यावर ती म्हणते, प्रभू, आता त्याला दुर्गंधी येत असेल. बायबल मरण गोड करून सांगत नाही, त्याचा वाससुद्धा लपवत नाही. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र काढून वाचा कधीतरी. बहुतेक दुःखाची स्तोत्रं शेवटी कुठंतरी स्तुतीकडे वळतात, हे वळतच नाही, मूळ इब्री भाषेत त्याचा शेवटचा शब्दच अंधार असा आहे. तरी ते पवित्र शास्त्रात आहे. कुणीतरी पूर्ण अंधारात बसून बोलतोय, पण देवाशी बोलतोय, पाठ फिरवून निघून गेलेला नाही. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचं तसंच. त्याचे तिघे मित्र आले, सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले, तोवर सगळं छान होतं, मग त्यांनी तोंड उघडलं आणि देवाची बाजू मांडायला लागले. आणि शेवटी देव काय म्हणतो, माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. म्हणजे जो भांडला, ओरडला, जन्माचा दिवस शापला, तो देवाला खरा वाटला.

आमच्या शेजारच्या मावशी तशाच, पहिल्या सात दिवसांतल्या मित्रांसारख्या. आल्या, काही बोलल्या नाहीत, मोरीतली भांडी घासली, पिठलं-भाकरी ठेवली, थोडा वेळ माझ्याजवळ बसल्या आणि गेल्या. असं दहा-बारा दिवस. त्या ख्रिस्ती नाहीत.

हे बोलताना मला केडगावच्या पंडिता रमाबाई आठवतात. दुष्काळात आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. 1880 ला भाऊ. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तर 1882 ला नवरा गेला, पदरात तान्ही मनोरमा. आणि ती एकुलती एक मनोरमासुद्धा 1921 च्या जुलैत आईच्या आधी गेली. त्या काळात बाई बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, त्यासाठी इब्री आणि ग्रीक शिकलेल्या, आणि त्यांनीच निराधार बायकांसाठी काढलेल्या मुक्ती मिशनच्या प्रेसमध्ये छपाईचे खिळे जुळवणाऱ्या बायकासुद्धा तिथल्याच, ज्यांना जगानं टाकून दिलं होतं अशा. मुलगी गेल्यावरही बाईंनी ते काम सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या, अख्खं बायबल छापून बाहेर आलं 1924 ला. योहानाचा अकरावा अध्याय त्यांनी कोणत्या मनानं तपासला असेल याचा मी खूपदा विचार करते. एवढ्या कबरा आणि चिता बघितलेली बाई पुनरुत्थान हा शब्द कागदावर लिहिते तेव्हा त्याला वजन असतं, मला तरी त्याचा आधार वाटतो.

एक गोष्ट राहिली. लाजर पुढे पुन्हा मेलाच असणार ना. त्या बहिणींना कधीतरी परत रडावं लागलं असेल किंवा त्यालाच त्यांच्यासाठी. म्हणून माझी आशा आई अजून दहा वर्षं जगायला हवी होती यात अडकलेली नाही, हवी तर होतीच, पण आशा त्या येशूवर आहे जो बेथानीहून निघून काही दिवसांतच स्वतः कबरेत गेला आणि तिसऱ्या दिवशी कबर रिकामी सापडली. आईच्या कबरेवर मी आता जाते ते तिला सोडून आलेय म्हणून नाही, तिला त्याच्याकडे ठेवलंय म्हणून. तरी येताना रडू येतं. येऊ दे.

आता वेळ होत आला. नेहमी मी शेवटी प्रार्थना सांगते आणि तुम्ही मागून म्हणता, आज तसं नको करूया. मी एक मिनिट गप्प बसते, तुम्ही जिथे असाल तिथे, बाकड्यावर, स्वयंपाकघरात, गाडीत, ते तुमचं वाक्य त्याला सांगा, तू इथे असतास तर. जसं येईल तसं सांगा.